सतरा ते एकवीस

दिल्लीच्या फुटबॉलला मुख्य प्रशिक्षकांची टंचाई कधीच भासलेली नाही. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि राजधानीच्या वाट्याला ‘दिल्ली डायनामोज’ हा संघ आला. पहिल्या हंगामाला हार्म फान फेल्डहोवन, दुसऱ्याला ब्राझीलचा रॉबर्टो कार्लोस, तिसऱ्याला इटलीचा विश्वविजेता झांब्रोटा, चौथ्याला मिगेल आंखेल पोर्तुगाल, पाचव्याला जोसेप गोम्बाऊ. पाच हंगाम, पाच प्रशिक्षक. पहिल्या वर्षी उपांत्य फेरी एका गुणाने हुकली, पुढची दोन वर्षं ती गाठली, मग लागोपाठ दोनदा आठवा क्रमांक. २०१९ मध्ये संघाने दिल्लीतून गाशा गुंडाळला आणि भुवनेश्वरला जाऊन ‘ओडिशा एफसी’ अशी पाटी लावली. सहा वर्षांनी हैदराबादचा संघ उठून दिल्लीला आला आणि ‘स्पोर्टिंग क्लब दिल्ली’ झाला. भाडेकरूंनी घर सोडावं आणि दुसऱ्यांनी यावं, इतक्या सहज हे घडलं. घरमालक, म्हणजे दिल्लीचा फुटबॉल, होता तिथेच राहिला.

नवा प्रशिक्षक ही आपल्याकडे बातमी असते, कारण ती एका माणसाची गोष्ट असते. तो विमानतळावर उतरतो, पत्रकार परिषदेत ‘तरुणांना संधी देऊ’ म्हणतो, पहिला सामना जिंकला तर जादूगार आणि सलग तीन हरला तर हकालपट्टीचा उमेदवार ठरतो. त्याच्या हाती आलेला खेळाडू गेल्या दहा वर्षांत किती सामने खेळला आहे, हे विचारायला कोणी जात नाही. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. पहिल्या हंगामाचा निकाल प्रशिक्षकाच्या नावावर लागत असला, तरी त्यात तपासली जाते ती त्याच्या आधीची शिल्लक.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा दिल्लीतच मिळाला, २०१७ साली.

सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक त्या ऑक्टोबरात भारतात झाला. यजमान म्हणून भारताला प्रवेश आपसूक मिळाला होता. संघ बांधायला २०१५ मध्ये जर्मनीचे निकोलाय अ‍ॅडम आले होते. शिबिरं झाली, परदेश दौरे झाले, आणि स्पर्धा तोंडावर आली असताना खेळाडूंच्या तक्रारी बाहेर येऊन अ‍ॅडम यांना जावं लागलं. मार्च २०१७ मध्ये पोर्तुगालचे लुईस नॉर्टन द मातोस यांची नेमणूक झाली. विश्वचषकाचा पहिला सामना ६ ऑक्टोबरला. हातात महिने सात.

या सात महिन्यांत त्यांनी जे केलं ते कुठल्याही शहाण्या प्रशिक्षकाने केलं असतं. चंडीगडजवळच्या मिनर्व्हा अकादमीच्या पोरांनी एका सराव सामन्यात राष्ट्रीय संघालाच हरवलं होतं. त्यांतल्या काहींना त्यांनी आत घेतलं. बचाव घट्ट करायचा, मधल्या फळीत उंच आणि दणकट मुलं ठेवायची, चेंडू मिळाला की सरळ पुढे धावायचं. शोभेचा खेळ खेळायला वेळ नव्हता. संघात तब्बल आठ मुलं मणिपूरची होती. आपल्या दृष्टीने दोन नावं महत्त्वाची: कोल्हापूरचा अनिकेत जाधव आणि मुंबईत जन्मून न्यू जर्सीत वाढलेला नमित देशपांडे. एक क्रीडा प्रबोधिनी आणि पुण्याच्या अकादमीतून आलेला, दुसरा अमेरिकेतल्या क्लबांच्या मैदानांवरून. दोघांची घरं मराठी, पण दोन अगदी वेगळ्या खेळसंस्कृती एका शिबिरात भेटल्या होत्या.

भारताचे साखळी सामने आधी नवी मुंबईत व्हायचे होते. ते दिल्लीला हलवले गेले. पहिल्या सामन्यात अमेरिकेने ३-० असं हरवलं. दुसरा सामना ९ ऑक्टोबरला कोलंबियाशी. पन्नासाव्या मिनिटाच्या आत पेन्यालोसाने गोल करून कोलंबियाला पुढे नेलं होतं. ८२ व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनने कॉर्नर घेतला, गर्दीतून उंच जिक्सन सिंग उठला आणि त्याचं डोकं चेंडूला लागलं. फिफाच्या कुठल्याही विश्वचषकातला भारताचा तो पहिला गोल. जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर जो गलका झाला, तो थांबायच्या आत चेंडू पुन्हा आपल्या जाळ्यात होता. पुढच्याच मिनिटाला, पुन्हा पेन्यालोसा. १-२. तीन दिवसांनी घानाने चार गोल केले, त्यांतले शेवटचे दोन ८६ व्या आणि ८७ व्या मिनिटाला, आणि भारताची स्पर्धा संपली.

त्या एका मिनिटावर तेव्हा पुष्कळ लिहिलं गेलं. मुलं भावनेच्या भरात विस्कळीत झाली, अनुभव कमी पडला, असं सगळेच म्हणाले. अनुभव कमी पडला म्हणजे काय, हे मात्र मोजायला हवं. बरोबरी साधल्यानंतरची पाच मिनिटं कशी काढायची, चेंडू कुठे मारून टाकायचा, कोणी कोणाला धरायचं, हे फळ्यावर आकृती काढून शिकवता येत नाही. असे क्षण आधी शंभरदा येऊन गेलेले असावे लागतात, काही वेळा अंगलट आलेले असावे लागतात. समोरच्या मुलांच्या अंगात ते मुरलेलं होतं, कारण ती मुलं आठ-नऊ वर्षांची असल्यापासून दर आठवड्याला साखळी सामने खेळत होती. आपली मुलं शिबिरात होती. शिबिर आणि हंगाम यांत फरक असतो. शिबिरात तंदुरुस्ती येते, शिस्त येते, पण गुणतक्त्यात खाली घसरल्याची झोंबणारी भीती येत नाही. हे नॉर्टन द मातोस सात महिन्यांत कुठून आणणार होते?

पुढचा अंक मला विश्वचषकापेक्षाही महत्त्वाचा वाटतो, आणि त्याच्याकडे फार थोड्यांचं लक्ष गेलं. भारतीय फुटबॉल महासंघाने ही मुलं विखरू दिली नाहीत. ‘इंडियन अ‍ॅरोज’ या नावाने, त्याच प्रशिक्षकाच्या हाताखाली, त्यांना २०१७-१८ च्या आय-लीग या राष्ट्रीय साखळीत उतरवलं. समोर ईस्ट बंगाल आणि मोहन बागान, अंगावर तिप्पट अनुभव असलेले पुरुष. पहिल्याच सामन्यात, गोव्यात, चेन्नई सिटीवर ३-० असा विजय. त्यांतले दोन गोल कोल्हापूरच्या अनिकेतचे. मग संघाचा मुक्काम दिल्लीला, आंबेडकर स्टेडियमवर. डिसेंबरच्या अखेरीस शिलाँग लाजाँगविरुद्ध नोंगदांबा नाओरेमने चेंडू घेतला, एकेका बचावपटूला चकवत आत शिरला आणि गोल केला. ती चित्रफीत देशभर फिरली. संघ तोही सामना ३-० असा जिंकला.

हंगाम संपला तेव्हा अ‍ॅरोज दहा संघांत दहावे होते. १८ सामने, १५ गुण. प्रशिक्षक घरगुती कारणासाठी पोर्तुगालला परतले होते आणि त्यांच्या जागी फ्लॉइड पिंटो आले होते.

दहावा क्रमांक म्हणजे अपयश, असं कोष्टक सांगतं. मला हा दिल्लीत खेळल्या गेलेल्या अलीकडच्या हंगामांतला सर्वांत यशस्वी हंगाम वाटतो. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना अठरा खरे सामने मिळाले. हरल्यावर पुढच्या आठवड्यात पुन्हा उतरायचं होतं. तोंड लपवायची सोय नव्हती. जिक्सन सिंग, सुरेश वांगजाम, अपुइया, अन्वर अली ही त्या तुकडीतली मुलं पुढे थेट भारताच्या मुख्य संघात पोचली. एका वर्गातून इतकी मुलं वर जाणं हे आपल्या फुटबॉलमध्ये वारंवार घडत नाही. आणि इतकं करून महासंघाने २०२२ मध्ये अ‍ॅरोज बंद केलं. आता तरुणांच्या साखळी स्पर्धा होतील, असं कारण दिलं गेलं. रिलायन्स फाउंडेशनची विकास साखळी त्याच वर्षी सुरू झाली, हे खरं. पण ती प्रामुख्याने मोठ्या क्लबांच्या मुलांसाठी. क्लबाच्या दारात पोचलाच नाही त्या मुलाचं काय?

तो मुलगा महाविद्यालयात असतो. निदान असायला हवा.

वयाचं गणित इथे नेमकं समोर येतं. दिल्लीतच दरवर्षी सुब्रतो चषक होतो. एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या कल्पनेतून १९६० मध्ये सुरू झालेली ही शालेय स्पर्धा आजही देशातल्या कानाकोपऱ्यातल्या शाळांना राजधानीत आणते. तिची मर्यादा सतरा वर्षांची. सतरा संपलं की शाळेचं छत्र गेलं. एकविसाव्या वर्षी क्लबाला तयार खेळाडू हवा असतो. मधली चार वर्षं म्हणजे शरीर भरण्याची, खेळाची समज पक्की होण्याची वर्षं, आणि नेमकी तीच कोणाच्याच खात्यावर नाहीत. आपल्याकडे तर त्याआधीच बारावी आडवी येते. ‘एक वर्ष खेळ बंद, मग आयुष्यभर खेळ’ हे वाक्य ज्या मराठी घरात उच्चारलं गेलं नाही असं घर शोधावं लागेल. ते एक वर्ष सहसा शेवटचं ठरतं.

दिल्ली विद्यापीठाकडे या चार वर्षांसाठी लागणारं जवळपास सगळं आहे. १९२२ सालचं विद्यापीठ, नव्वदच्या आसपास महाविद्यालयं, त्यांतल्या जुन्या संस्थांकडे स्वतःची मोकळी मैदानं. शहराच्या दक्षिणेला आणि पलीकडे नोएडा-गुरुग्राममध्ये हिरवं कृत्रिम गवत तासाच्या भाड्याने दिलं जातं, त्या मानाने कॅम्पसवरची ही मैदानं म्हणजे चैन. २०२२ पासून पदवीही चार वर्षांची करता येते. शिवाय क्रीडा कोटा आहे: खेळ आणि सांस्कृतिक उपक्रम मिळून पाच टक्क्यांपर्यंत जागा. क्रीडा कोट्यातल्या प्रवेशाला सामायिक परीक्षेचे गुण फक्त २५ टक्के आणि खेळाचे ७५ टक्के धरले जातात. कागदावर याहून उदार व्यवस्था देशात फार ठिकाणी सापडणार नाही.

ही उदारता प्रवेशद्वारापाशी संपते. ट्रायलच्या दिवशी मैदानावर गेलात तर हे दिसेल. मणिपूर, मिझोरम, उत्तराखंड, बंगाल, हरियाणा इथून मुलं आलेली असतात. बुटांच्या पिशवीपेक्षा प्रमाणपत्रांची फाइल जास्त जपून धरलेली. जिल्हा, राज्य, राष्ट्रीय, शालेय. प्लास्टिकच्या कप्प्यांत क्रमवार लावलेली. पालक सावलीत उभे राहून झेरॉक्स मोजत असतात. ट्रायल होते, यादी लागते, मुलाला नामवंत महाविद्यालयात इतिहास किंवा राज्यशास्त्र मिळतं. त्या क्षणी फुटबॉलचं काम झालेलं असतं. त्याने दार उघडून दिलं.

आत गेल्यावर पुढचं चित्र साधारण असं: काही आठवड्यांचा सराव, मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, बहुतांशी बाद पद्धतीची. पहिल्या फेरीत हरलात तर नव्वद मिनिटांत हंगाम आटोपला. जिंकत गेलात तर आणखी तीन-चार सामने. त्यातून निवडलेला विद्यापीठाचा संघ आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. ती भारतीय विद्यापीठ संघ भरवतो, ज्याचं कार्यालय दिल्लीतच आहे. उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम असे विभाग, प्रत्येक विभागातले पहिले चार पुढे. तिथेही एखादी वाईट दुपार आणि परतीचं तिकीट. अलीकडे खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांची भर पडली आहे, पण तिथवर मूठभर संघच पोचतात. एखादा सर्वसाधारण महाविद्यालयीन खेळाडू वर्षाला किती सामने खेळतो याचा हिशोब वाचकाने स्वतःच बोटांवर करावा. दुसऱ्या हाताची गरज क्वचितच पडेल.

प्रशिक्षक? बहुतेक महाविद्यालयांत फुटबॉलचा मुख्य प्रशिक्षक असं पदच नसतं. शारीरिक शिक्षणाचे एक प्राध्यापक असतात. त्यांनाच अ‍ॅथलेटिक्स बघायचं, क्रिकेटची किट मोजायची, बुद्धिबळाच्या पोरांना प्रवासभत्ता मिळवून द्यायचा आणि मूल्यांकन समितीसाठी अहवालही भरायचा. फुटबॉलसाठी एखादा जुना खेळाडू मानधनावर, काही महिन्यांपुरता बोलावला जातो. पुढच्या वर्षी मंजुरी आली तर तो, नाहीतर दुसरा. त्यामुळे दिल्लीच्या महाविद्यालयांत जवळपास प्रत्येक हंगाम नव्या प्रशिक्षकाचाच असतो. रॉबर्टो कार्लोसची बातमी झाली, याची होत नाही. एवढाच फरक.

ज्या देशात महाविद्यालयीन प्रशिक्षक हा राज्याच्या गव्हर्नरपेक्षा प्रसिद्ध असतो, तिथलं एक उदाहरण इथे घेण्यासारखं आहे. अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ. तिथे एका वर्षाच्या आत दोन संघांना नवे मुख्य प्रशिक्षक मिळाले. एक संघ त्यांच्या अंडाकृती चेंडूच्या फुटबॉलचा. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे बिल बेलिचिक आले. व्यावसायिक साखळीत मुख्य प्रशिक्षक म्हणून सहा सुपर बोल जिंकलेला माणूस, वय सत्तरीच्या पुढे, मेहनताना वर्षाला एक कोटी डॉलर. संघ जवळजवळ नव्याने भरला गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये पहिला सामना, घरच्या मैदानावर, १४-४८ असा हरला. हंगामअखेर बारा सामन्यांत चार विजय, आठ पराभव.

दुसरा संघ मुलींच्या फुटबॉलचा, म्हणजे आपल्या गोल चेंडूच्या. तिथे अ‍ॅन्सन डोरन्स हे १९७९ पासून प्रशिक्षक होते. राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धेची २१ विजेतेपदं त्यांच्या नावावर, आणि १९९१ चा पहिला महिला विश्वचषक जिंकणारा अमेरिकेचा संघही त्यांचाच. ऑगस्ट २०२४ मध्ये, हंगाम उंबरठ्यावर असताना, ते निवृत्त झाले. सहायक असलेल्या डेमन नाहास यांच्याकडे हंगामी म्हणून सूत्रं दिली गेली. त्याच डिसेंबरात संघाने अंतिम सामन्यात वेक फॉरेस्टला १-० असं हरवून विजेतेपद मिळवलं.

नाहास हे बेलिचिकपेक्षा थोर प्रशिक्षक आहेत, असं कोणी म्हणणार नाही. एकाला पंचेचाळीस वर्षांची मशागत मिळाली, दुसऱ्याला कोरी वही आणि भला मोठा धनादेश. पण या तुलनेतली मला सर्वांत बोलकी गोष्ट वेगळीच वाटते. बेलिचिकचा हंगाम फसला, टीकाकारांनी सोलून काढलं, तरीही त्या विद्यार्थ्यांना बारा सामने मिळालेच. पहिल्या पराभवानंतर त्यांना कोणी घरी पाठवलं नाही. तिथे वाईटात वाईट प्रशिक्षकही खेळाडूचं वर्ष वाया घालवू शकत नाही. वेळापत्रक त्याच्याहून बलवान आहे.

अमेरिकेचं सगळंच घ्यावं असं मुळीच नाही. ज्या खेळावर विद्यापीठं अब्जावधी कमवत होती, तो खेळणाऱ्या मुलांना अनेक दशकं ‘हौशी’ म्हणून रिकाम्या हाताने ठेवलं गेलं; आपल्या नावावर जाहिरातीचे पैसे घ्यायची मुभा त्यांना २०२१ मध्ये मिळाली आणि विद्यापीठांनी थेट पैसे देण्याचा मार्ग न्यायालयीन तडजोडीनंतर २०२५ मध्ये खुला झाला. आता उलटा लंबक आहे, मुलं दरवर्षी विद्यापीठ बदलतात. हा धंदा इथे आणू नये. पण १९७२ च्या एका कायद्याने मुलींना महाविद्यालयीन खेळात समान हक्क दिला आणि त्यातून उभ्या राहिलेल्या संघांच्या जोरावर त्या देशाने चार महिला विश्वचषक जिंकले, ही गोष्ट धंद्याची नाही. ती वेळापत्रकाची आणि मैदानाची आहे.

माझ्या म्हणण्यावर एक खणखणीत आक्षेप घेता येईल, आणि तो भारतातलाच आहे. खालिद जमील. २०१६ मध्ये ऐझॉल एफसी आय-लीगमधून खाली घसरला होता; गोव्याचे क्लब बाहेर पडल्यामुळे त्याला पुन्हा जागा मिळाली. जमील मुंबई एफसीतून तिथे गेले आणि पहिल्याच हंगामात, २०१७ मध्ये, ऐझॉल भारताचा विजेता झाला. नव्या प्रशिक्षकाने एका हंगामात इतिहास घडवला, याला याहून मोठं उदाहरण नाही. जमील यांचं श्रेय तसूभरही कमी न करता त्याच्या तळाशी काय होतं ते पाहा. मिझोरममध्ये २०१२ पासून स्वतःची प्रीमियर लीग चालत होती, सामने टीव्हीवर दिसत होते, गावोगावची पोरं त्यात खेळत होती; २०१४ मध्ये राज्याने संतोष करंडक जिंकला होता. जमील यांना दारूगोळा कोरडा मिळाला, त्यांनी काडी लावली. हेच जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले. मध्य आशियातल्या स्पर्धेत ओमानला शूटआउटमध्ये हरवून तिसरा क्रमांक मिळाला तेव्हा पुन्हा जादूगाराची भाषा सुरू झाली. ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरने आणि नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशने हरवलं, आणि ती भाषा बंद पडली. दरम्यान देशातली मुख्य साखळी स्पर्धा महासंघाच्या व्यापारी कराराच्या घोळात वेळेवर सुरूच होऊ शकली नव्हती. ज्यांना सामने नाहीत अशा खेळाडूंचा संघ घेऊन जमील मैदानात उतरले होते. प्रश्न तोच, सतरा वर्षांच्या मुलांचा, आता तिशीच्या खेळाडूंना भेडसावत होता.

आपल्याकडे कोल्हापूरने या प्रश्नाचं एक उत्तर केव्हाच शोधलेलं आहे, आणि त्यात महाविद्यालयाचा फारसा संबंध नाही. पाऊस सरला की शाहू स्टेडियमवर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचा (केएसए) हंगाम सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण, प्रॅक्टिस हे त्यातले संघ. पेठेतला अठरा वर्षांचा मुलगा सकाळी कॉलेजात जातो आणि दुपारी तालमीच्या जर्सीत हजारोंसमोर खेळतो. चुकला तर संध्याकाळी चौकात त्याला जाब विचारणारे पन्नास जण असतात. या व्यवस्थेचे दोष मला ठाऊक आहेत. समर्थकांच्या हाणामाऱ्यांनी हंगाम थांबलेले आहेत, आणि पेठेतलं कौतुक इतकं पोटभर मिळतं की बाहेर जाण्याची भूकच मरते. अनिकेत जाधव लहान वयात प्रबोधिनीत गेला म्हणून दिल्लीला पोचला. त्याच्याइतकेच गुण असलेली मुलं पेठेतच नायक होऊन राहिली. तरीही सामन्यांच्या संख्येच्या बाबतीत कोल्हापूरची एखादी तालीम दिल्लीच्या नामांकित महाविद्यालयाला सहज मागे टाकते. विद्यापीठ अनुदान आयोगाचा एक रुपयाही न घेता.

दिल्लीत तालीम नाही, पेठ नाही. जुन्या दिल्लीतले, गढवाली वस्त्यांतले, सरकारी वसाहतींतले क्लब आहेत, त्यांची शहर-साखळी आहे, पण तिला प्रेक्षक नाहीत. एके काळी ड्युरँड आणि डीसीएम या स्पर्धांसाठी हिवाळ्यात आंबेडकर स्टेडियम भरायचं. डीसीएम बंद पडली, ड्युरँड २०१९ पासून कोलकात्याला गेली. आता हिवाळ्यात हवाच खेळू देत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रदूषण इतकं वाढलं की सर्वोच्च न्यायालयात विषय निघाल्यावर मैदानी स्पर्धा पुढे ढकलण्याचे आदेश द्यावे लागले. ज्या महिन्यांत विद्यापीठांचा फुटबॉल व्हायचा ते महिनेच राजधानी परिसरातून वजा झाले आहेत. नवा प्रशिक्षक कितीही हुशार असला तरी धुरक्यात चेंडू खेळवू शकत नाही.

म्हणून माझी मागणी प्रशिक्षकापासून सुरू होत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या महाविद्यालयांची दोन टप्प्यांत विभागलेली साखळी हवी: ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत एक, फेब्रुवारी ते एप्रिल दुसरा, मधले धुराचे आणि परीक्षेचे दिवस सोडून. एकदा आपल्या मैदानावर, एकदा समोरच्यांच्या. आठ-आठ संघांचे गट केले तरी प्रत्येकाला चौदा सामने मिळतात, आणि त्यासाठी नवं स्टेडियम बांधावं लागत नाही. रेफरींचं मानधन, दोन वेळचं जेवण, एक रुग्णवाहिका. एखाद्या महाविद्यालयाच्या वार्षिक महोत्सवात एका गायकावर जितका खर्च होतो तेवढ्यात बरंच काही भागेल.

प्रशिक्षकाची नेमणूक त्यानंतर, आणि ती चार वर्षांची. जी तुकडी प्रवेश घेईल तीच तुकडी पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत तो माणूस बदलायचा नाही. पहिल्या हंगामात सगळे सामने हरले तरी नाही. त्याचं मूल्यमापन चषकावर करू नये. चार वर्षांनी त्यांतली किती मुलं अजून खेळत आहेत आणि किती जण पदवी पूर्ण करून बाहेर पडले, हे दोन आकडे पुरेत. क्रीडा कोट्यातून आलेला मुलगा दुसऱ्या वर्षी संघातून गायब होतो आणि कोणी विचारत नाही, ही आजची रीत त्याने आपोआप मोडेल. प्राध्यापकांच्या संघटना याला विरोध करतील, मंजूर पदांचा प्रश्न निघेल, लेखापरीक्षक चार वर्षांच्या करारावर लाल शेरा मारतील. हे सगळं होईल. पण शिक्षक भरतीचे असले प्रश्न इतर विषयांत आपण वर्षानुवर्षं सोडवत आलो आहोत. फुटबॉललाच ते अशक्य का वाटावेत, हे मला कळत नाही.

दरवर्षी महाराष्ट्रातूनही पुष्कळ मुलं दिल्लीला शिकायला जातात, त्यांत काही खेळाच्या जोरावर. पुणे-मुंबईतल्या क्रीडा कोट्याची अवस्था काही फार वेगळी नाही. तुमच्या घरातलं कोणी यंदा अशा ट्रायलला जाणार असेल, तर महाविद्यालयाला प्रशिक्षक कोण आहे हे अवश्य विचारा. पण त्याआधी मागच्या वर्षी संघ एकूण किती सामने खेळला, हे विचारा आणि उत्तर लेखी मागा.